मागं वळून बघणारी कळशी

सन्माननीय अध्यक्ष अमरसिंह सर, व्यासपीठावरचे मान्यवर, शिल्पकार मंडळी आणि कसबा बावड्याहून टेम्पो करून आलेले आमचे समस्त पावणं, सर्वांना नमस्कार.

आज जिचा सत्कार होतोय ती भैरवी माझी सून. सासूनं सुनेचं कौतुक करायचं, तेही माइकवर! अवघडच काम की हो. पण करते.

हिचं काम तुम्ही बाहेर बघितलंच. मांडी घालून बसलेली खुर्ची. गाठ मारलेलं लाटणं. आमच्या जाऊबाई मघाशी विचारत होत्या, "ह्यानं चपाती कशी व्हायची गं?" मी म्हटलं, "त्यालाच विचारा, तू लाटणं हाईस का न्हाईस."

आता त्या पितळी कळशीबद्दल सांगते. ती माझ्या आईनं मला लग्नात दिली. तिच्यावर माझं माहेरचं नाव घातलं होतं, झुंबर. सासरी ते कुणाला पसंत पडलं नाही. लग्नातच माझी संयोगिता झाली. मग कळशीवरचं नावही ठोकून खोडलं आणि शेजारी नवं घातलं. मला कुणी विचारलं का? छे! कळशीला तरी कोण विचारतंय?

भैरवीनं लग्नानंतर आपलं नाव बदललं नाही. एकदा कळशी घासताना तिनं ते खोडलेलं नाव बघितलं आणि म्हणाली, "आई, ही मला द्या." तिनं कळशी तापवून तिचा गळा असा पिळला, की ती मान वळवून आपल्याच पाठीवरचं खोडलेलं नाव वाचतेय. मी पोट धरून हसले, आणि मग रडलेसुद्धा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्या मालकांनी ती बघितली. त्यांना वाटलं, पडून चेमटली. बिचारे तांबटाकडं घेऊन गेले, पोचे काढले, चिंचेनं लखलखीत केली आणि सरळ झालेली कळशी घेऊन ऐटीत घरी आले. "बघा, नव्यावाणी झाली!" भैरवी डोकं धरून खालीच बसली.

मी म्हटलं, "वाकव परत."

मालक म्हणाले, "आगं, खोडलेलंच कशाला बघाय लावतीस तिला?"

"तिथं माझं नाव हाय."

मग भैरवी गळा पिळायला बसली, तेव्हा कळशी घट्ट धरून ठेवली ती त्यांनीच. पहिल्या रांगेत बसलेत, आता खाली बघतायत.

आज इथं यायला निघताना उंबऱ्यातनं त्यांनी हाक मारली, "झुंबर, आवर की!" लग्नापासून पहिल्यांदा. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी ओ दिली नाही. म्हटलं, मारू देत अजून एकदा.

मंडळाचे मनापासून आभार. म्हातारीच्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि सर, माझ्यापुढच्या पाटीवर संयोगिता लिहिलंय, तेवढं बदलून घ्या.