आठ नंबरच्या जागी सहा

मी चिमी (वर्कशॉपमध्ये याच नावाने ओळखतात), वय २३ वर्षे, धंदा इंजिन दुरुस्ती, राहणार धक्क्याजवळील काकांच्या वर्कशॉपच्या माडीवर, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी काका-काकूंसह राहते. शाळेत उशिरा गेले. अक्षरे व आकडे काकांनीच घरी शिकवले, ते इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या खोक्यांवरून. त्यामुळे त्यांना नंबर वाचता आला नाही, असे मी म्हणू शकत नाही.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, धक्क्यावर वॉटर स्कूटर भाड्याने देणारे गृहस्थ एका स्कूटरचे दोन्ही प्लग बदलायला आले. त्या इंजिनाला आठ नंबरचा प्लग लागतो. आकडा मोठा तसा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. आमच्याकडे सहा नंबरचेच होते. मी काकांना तसे सांगितले. ते म्हणाले, "अगं, गाडी चालते पाण्यात, तापणार कशी? आटे बसले ना, मग प्लग बसला." गिऱ्हाईक हसले. मीही हसले.

प्लग मी बसवले.

दुपारी तीनच्या सुमारास गिऱ्हाइकाचा धाकटा भाऊ ती स्कूटर पूर्ण वेगात नेत होता. पिस्टनला भोक पडून ती बोटींच्या वाटेतच बंद पडली. मागून आलेल्या बोटीखाली त्याचा उजवा पाय सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला, असे मला नंतर समजले.

पाचच्या सुमारास स्कूटर ओढून वर्कशॉपमध्ये आणली. काकांनी एक प्लग काढला. त्याचे टोक वितळले होते, त्यावर पिस्टनच्या धातूचे दाणे चिकटले होते. तोंडात बिस्कीट धरून काकांनी पॉलिश पेपरने त्यावरचा आकडा घासून काढला. काळी बोटे पँटला पुसली व दुसरे बिस्कीट चहात बुडवले. मला म्हणाले, "विचारलं तर सांग, प्लग त्यानंच आणले होते. भावाचा पाय गेलाय, त्याला कुठे आठवणार आहे."

 

काका हात धुवायला गेले तेव्हा दुसरा प्लग मी काढून घेतला. त्यावर सहा हा आकडा शाबूत आहे. तो प्लग आज हजर केला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "काकांच्या सांगण्यावरून प्लग मी बसवले" असे आले होते. "काकांच्या सांगण्यावरून" हे शब्द मी खोडायला लावले, कारण प्लग चुकीचा आहे हे हातात घेतानाच मला ठाऊक होते. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.