उतरलेली सूज जाते कुठे?

अध्यक्षस्थानी बसलेले आमचे मालक, दवाखाना सोडून आलेल्या पाहुण्या डॉक्टर मॅडम, जिला निरोप द्यायला आज आपण सगळे अंगाचा भुसा झटकून आलोय ती मावशी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशीच उभे असलेले माझे भाऊबंद, सगळ्यांना नमस्कार.

माझं शिक्षण बेताचं. मी म्हटलं होतं, मला पोती उचलायला सांगा, शब्द उचलवत नाहीत. पण मावशीने डोळे वटारले. मग माझी काय बिशाद?

एका जागी माझं बूड टिकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आई अजून फोनवर विचारते, "एवढ्या लांब जाऊन कुत्र्याच्या छत्र्या पिकवतोस होय रे?" मी सांगतो, आई, ही खायची अळिंबी आहे, आम्ही तिचा अर्क काढतो, लोक सांध्यांच्या सुजेसाठी घेतात. तरी मी इथे टिकलो, ते मावशीमुळे.

पहिल्याच दिवशी ती मला कोपऱ्यातल्या खोलीकडे घेऊन गेली. मी दार ढकलणार, तेवढ्यात हातावर फटका.

"आधी टकटक कर!"

"का? आत कोण आहे?"

"कोण आहे ते मग बघ. आधी टकटक."

आत अंधार, ओल आणि भुशाच्या टांगलेल्या पिशव्या. माणूस कुणी नाही. मी पोट धरून हसलो. आज आमच्यातला एक जण तरी न वाजवता त्या खोलीत जातो का? मालक, मान हलवू नका, तुम्हालाही वाजवताना पाहिलंय.

नव्या लोकांना खरं वाटणार नाही, पण मावशीची बोटं तेव्हा आल्याच्या गड्ड्यासारखी होती. साधं बटण लागायचं नाही. मॅडमच्या गोळ्या चालू होत्या, जोडीला आपला अर्क. मॅडमनी आत्ताच सांगितलं, अळिंबीत सूज कमी करणारं काहीतरी आहे, पण माणसांवर अजून पुरतं तपासायचंय, गोळ्या सोडू नका. मावशीने सोडल्या नाहीत. पण एक गोष्ट तिने मॅडमना सांगितली नाही, ती मी सांगतो. अर्क पिण्याआधी ती रोज त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या शेवटच्या पिशवीवर दोन्ही तळवे टेकवून उभी राहायची. अर्कही त्याच पिशवीतल्या अळिंबीचा. पिशवी दोन-तीन तोडे देते, मग भुसा कुजतो आणि आपण ती टाकतो. ही तिने कधी टाकू दिली नाही, आणि तिचे तोडेही कधी थांबले नाहीत.

मावशीची बोटं सरळ झाली. आनंदच आहे. पण त्या पिशवीवरची अळिंबी पाहिलीत कुणी? बाकीच्यांवर पंख्यासारखी फुलते. तिथे लांब, गाठीगाठींची, मधल्या पेरात वाकडी. मी विचारलं तर मावशी बटण लावता लावता म्हणाली, "सूज उतरली, सूज उतरली म्हणतो आपण. उतरून जाते कुठे, हे कुणी विचारतं का?"

मॅडम हसताहेत. मीही हसलो होतो. मग पोतं घेऊन पडलो, गुडघा टम्म फुगला आणि तुम्ही माझं नाव लंगड्या ठेवलंत. मावशीने कानाला धरून मला त्या पिशवीला गुडघा टेकवून बसवलं. थोड्याच दिवसांत पिशवीच्या तळाशी एक गोल, उपड्या वाटीसारखं काहीतरी वर आलं. आज मी काठीशिवाय मंचावर चढलो आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मावशीने वाजवल्या नाहीत. ती आपल्या बोटांकडे बघत होती.

कारण मालकांनी काल सांगितलं, खोली चुन्याने धुवा, जुनी पिशवी जाळा. त्यांचं चुकलं नाही, कुजका भुसा नव्या पिकाला लागतो. पण धुण्यासाठी दार सताड उघडलं तसं खोलीत ऊन शिरलं, पिशवी सुकायला लागली, आणि आज सकाळी मावशीने मला हाक मारली. "जरा बटण लावून दे रे." ही बाई घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "जाळली, तर आतलं सगळं परत कुठे यायचं?"

जाळायचं काम माझ्याकडेच होतं. मी काडी ओढली. पिशवीपासून चांगली हातभर लांब होती. आणि माझा गुडघा भाजला.

मालक, खोली लख्ख धुतलीय, हवं तर बघून घ्या. आपण सगळ्यांनी मिळून आणलेलं भिंतीवरचं घड्याळही तिथेच खुंटीला आहे, ते मावशीला घरपोच देईन. टेबलावर आहे ते नुसतं घड्याळाचं खोकं. तळ ओला झालाय, पुढच्या रांगेला दिसतच असेल.

मावशी, घरी अंधारी जागा बघून ठेव. रोज पाणी शिंपड.

मालकांचे, मॅडमचे, इतका वेळ ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. अडाण्याच्या तोंडून अधिक-उणं गेलं असेल तर पदरात घ्या. आता मालकांनी मावशीला भेट द्यावी, ही विनंती.

फक्त मालक, झाकणाला हात लावण्याआधी टकटक करा.