टपावरच्या पापड्या

आमच्या दाजींनी जुन्या टेम्पोत पलंग बसवला, पंखा लावला, टपावर सोलर टाकलं आन् माझ्या बहिणीला घेऊन थेट पेडगावला आमच्या आखाड्यावर, शेतातल्या घरी, मुक्कामाला आले. "लाईट नसली तर नसू द्या. आपली बॅटरी हाय!"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बॅटरी बसली, पंखा थांबला. दाजींनी माझा मोबाईल चार्जरवरून उपटला. "तुमीच सगळी बॅटरी पिलात!"

मी तणतणत टपावर चढलो. सगळ्या सोलरवर आईचं जुनं लुगडं, आन् त्यावर ज्वारीच्या पापड्या!

तेवढ्यात खालून आई म्हणाली, "जावईबापू, गाडी हलवू नका बरं. लय झकास वाळायल्यात. उद्या कुरडया टाकते. सगळं तुमालाच बांधून द्यायचंय!"

दाजी घाम पुसत म्हणाले, "टाका की!"