धक्क्यावरची बाळंतीण

पावाच्या दुकानापुढच्या रांगेत लिझेटच्या नाकासमोरच कोबाकाकू आणि फ्रान्सिनाकाकूंची जुंपली होती, मग ती कसली हलतेय!

"फ्रान्सिना, त्या सीलच्या धुडामुळे माझ्या लेकाची, दावीची होडी अडकलीय. हाकल तिला!"

"बाळंतीण आहे गं ती, कोबा! कुठल्या बर्फाळ बेटांवरून आली आणि आपल्या धक्क्याच्या उतारावर व्याली."

"तिच्याकडे जागा नव्हती?"

"नवऱ्याला कंटाळली असेल. वन्यजीव खात्याचे साहेब म्हणाले, पिल्लाचं दूध तुटेपर्यंत तीन आठवडे कुणी जवळ जायचं नाही."

"तोवर स्नूक मासे पार पुढे जातील!"

"जाऊ देत. दावी तर राहील! ख्रिसमसपर्यंत समुद्रावर पळणार होता, आणि इकडे माझ्या पोरीला सहावा लागलाय."

"सहावा? मेल्यानं मला चौथा सांगितला!"

"चर्चमध्ये लग्नाची नावं किती रविवार पुकारतात गं?"

"तीन... अगं बाई! म्हणून तू दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसतेस?"

"कुत्री हाकलते. पाद्रीबाबांना कालच सांगून आले, पहिला पुकारा या रविवारी."

"बरं, ऐक. उद्यापासून सकाळी मी बसते, दुपारनंतर तू बस. दावीनं तिला हाकलायला लांब काठी शोधून ठेवलीय."