यांनी ग्रुप सोडला

अगं, ग्रुप म्हटलं की तू विचारशील, कुठला? शाळेचा, भिशीचा? आमच्या मुरबे गावात ग्रुप म्हणजे मासेमारीच्या बोटींचा. तो कोणी सोडत नाही, वारलेल्या माणसाचाच नंबर काढतात.

परवा वारा सुटला. सगळ्या बोटी परतल्या, यांचीच नाही. खोल समुद्रात रेंज नसते, तरी अख्खं गाव ग्रुपवर विचारतंय, 'कुटं हाय? कुटं हाय?' आणि दुपारी फोनवर आलं, यांनी ग्रुप सोडला!

मी हंबरडाच फोडला. सासूबाईंनी फोन हिसकावून बघितला.

"रडते कशाला? रेंज आली तवाच सोडला ना? एवढे मेसेज बघून वैतागला आसल. जित्ता हाय म्हणूनच वैतागला! जा, भात टाक."