काटा नव्हे, खुरपं

मी ओरडून सांगत होते की ट्यूबला काटा लागलेला नाही, पण घरात एकानं खरं मानलं असेल तर शपथ! लढाईचे दिवस, नवी ट्यूब मिळायची नाही, आणि सायकल नसली तर आमच्या मालकांची माधवनगरच्या गिरणीतली पाळी चुकणार. तिथं त्यांची जागा घ्यायला बदलीवाले टपलेलेच होते.

झालं असं, पलटणीतून रजेवर आलेल्या धाकट्या भावजींनी मुश्किलीनं मिळालेला नवा टायर चढवायला घेतला. टायर घट्ट, रिमवर बसेना. तेव्हा माझं खुरपं घालून त्यांनी तो कसा रेटला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मी सायकल काटेरी कुंपणाच्या सावलीला लावली आणि तासाभरात चाकातली हवा गेली.

"वैनी, तुमीच कुपाटीला लावली. बाभळीचा काटा गेला," भावजी म्हणाले. सासूबाईंनी लगेच मान डोलावली.

मी ट्यूब काढायला लावली. हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले ते आतल्या, रिमकडच्या अंगाला! चीरही पात्यासारखी सरळ.

"आवं भावजी, काटा रस्त्याकडनं शिरतो. ह्यो काय रिम फोडून आला व्हय?"

मालक हसले. ठिगळ लागलं, आणि पळीच्या लाकडी दांड्यानं टायर मीच चढवला.

तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "माझ्या लेकराला कशाला बोलतीस? चार दिस रजेवर आलंय ते! खुरप्याला एवढी धार लावली कुणी? त्या मेल्या पांडू लोहारानं!"