ठमीचं पोतं

मंडळी, जरा पुढं सरका आणि मला एक सांगा. देवानं एखाद्याला नखं दिली, तर ती त्यानं वापरायची की नाही? मान काय हलवताय काका, उत्तर द्या! नाही म्हणता? मग देव चुकला म्हणायचं. हो म्हणता? मग उद्या तुमच्या नव्या सोफ्यावर मांजर सोडतो, चालेल? बघा — लगेच अध्यात्म संपलं! तर ऐका.

कोळवडी नावाचं गाव. तिथले रघुनाथतात्या मोहोळकर. बत्तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. भोंग्यात बोलले की गाड्या हलायच्या. त्यांचं ऐकायचं नाही ते जगात एकच मांजर — ठमी. ती मालनकाकूंची, म्हणजे तात्यांच्या बायकोची. लेकरं शहरात. तात्या संध्याकाळी पारावर गेले की काकू बोलणार कुणाशी? ठमीशी. ठमी सगळं ऐकायची, आणि मध्येच "माझा चष्मा कुठाय?" असं विचारायची नाही!

आता तात्यांनी घेतला सोफा. मखमली, जन्मातला पहिला. सहा महिने वरचं प्लास्टिक काढलं नाही. हसता कशाला? तुमच्या टीव्हीच्या रिमोटला अजून पिशवी आहे, मला माहीत आहे! पण धाकट्याचे होणारे सासू-सासरे रविवारी घर बघायला यायचे होते. म्हणून बुधवारी तात्यांनी प्लास्टिक उतरवलं. ठमी आली, सोफ्याच्या उजव्या हातावर पंजे लावून उभी राहिली, पाठ ताणली, आणि — खर्र, खर्र, खर्र!

तात्या मटकन खाली बसले. जमिनीवर, हं. सोफ्यावर बसायची अजून त्यांचीच हिंमत नव्हती.

मग उपाय सुरू. तात्या ओरडले, ठमीनं जांभई दिली. कुणीतरी सांगितलं, मांजराला संत्र्याचा वास सोसत नाही. तात्यांनी सोफ्याच्या उजव्या हातावर संत्र्याची सालं पसरली. ठमीनं नाक मुरडलं आणि सोफ्याचा डावा हात धरला! शुक्रवारपर्यंत दोन्हीकडून दोरे लोंबायला लागले. पाव्हणे काय म्हणतील, या विचारानं तात्यांना घास गोड लागेना.

शनिवारी सकाळी त्यांनी पोतं काढलं. मांजर मारलं तर काशी गाठावी लागते, म्हणून आपले लोक त्याला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडतात. मारलं तर पाप आणि उपाशी मरायला सोडलं तर नाही! ही पोथी कुणाकडं असेल तर मला वाचायला द्या.

तात्यांनी पोतं अंथरलं आणि काकूंना म्हणाले, "तिला उचल."

काकू जागच्या हलल्या नाहीत. पण बोलल्या. "न्यायची तर न्या. तुम्ही रोज पारावर जाता. दोन तास सरकारला, भावकीला, सगळ्या गावाला ओरबाडून येता आणि मग गुपचूप जेवता. एखाद्या दिवशी पार चुकला, की माझ्या आमटीला नावं ठेवता. तुम्हाला पार आहे. तिला काय आहे?"

तात्यांना राग आला. खरं ऐकलं की येतोच. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात पायाशी खर्र खर्र! ठमी त्या पोत्यावरच नखं घासत होती, डोळे मिटून, अगदी समाधानात. ज्या पोत्यातून तिला टाकायचं, तेच तिला हवं होतं!

तात्या ओशाळले. त्यांनी कमरेएवढा एक वासा शोधला, त्याला पोतं घट्ट गुंडाळलं, डुगडुगू नये म्हणून खाली जाड फळी ठोकली आणि नेऊन ठेवला — कुठं? परसात, गोठ्यामागं! ठमीनं हुंगला आणि परत सोफ्यापाशी.

काकू म्हणाल्या, "पार उचलून वेशीबाहेर नेला, तर तुम्ही जाल का हो?"

तात्यांनी मुकाट्यानं वासा उचलला आणि बैठकीत सोफ्याच्या हाताला लागून उभा केला. ठमी आली. एकदा सोफ्याकडं बघितलं, एकदा पोत्याकडं. आणि तिनं दोन्ही पंजे पोत्यात रोवले.

रविवारी पाव्हण्यांनी विचारलं, "हे मध्येच काय?" तात्या भोंग्यातल्या आवाजात म्हणाले, "हा आमच्या ठमीचा पार. तुम्ही बसा, सोफ्याला दोरे आहेत तेवढे संभाळा." लग्न ठरलं. दोऱ्यांवरून कुणाचं मोडत नाही.

आता मांजर सोडा, तुमच्याकडं येतो. तुम्हाला पार आहे. पोराला मोबाईल आहे. आणि घरात जी दिवसभर राबते, तिला मन मोकळं करायला काय आहे? ती गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असं धरून चाललाय तुम्ही. महाराज, आज घरी गेलात की तिच्यापाशी बसा आणि तिला बोलू द्या. मध्ये बोलू नका, चष्मा हुडकू नका. ती आमटीवरून सुरू करेल आणि लग्नाच्या मांडवापर्यंत मागं जाईल. जाऊ द्या! तेवढं ऐकून घेणं हेच तुमचं आजचं भजन.

बघा, मागं बायका हसतायत, आणि पुढं पुरुषमंडळी एकदम टाळ शोधायला लागली. असू दे. घ्या टाळ, ज्याला जो देव जवळचा त्याचं नाव घ्या, आणि उठा. घरी कुणीतरी वाट बघतंय.